काळा कोट खुंटीला टांगण्यापूर्वी: वकिलीकडून लेखन आणि साधनेकडे

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या वकिलाला एखाद्या दिवशी ‘आता पुरे’ असे वाटले, तर त्यात नवल नाही. नवल याचे वाटते, की वाटपाचे दावे वर्षानुवर्षे सबुरीने चालवणारा हाच माणूस स्वतःच्या आयुष्याचे वाटप मात्र एका रात्रीत करायला निघतो. वकिली सोडून लिहायचे आहे, साधनेला वेळ द्यायचा आहे, हा निर्णय चांगला असू शकतो. पण तो अंमलात आणायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते आणि त्यातले बहुतेक काम दप्तराचे, हिशेबाचे आणि निरोपाचे असते. माझ्या मते हे काम साधनेच्या आड येत नाही, साधनेची सुरुवातच तेथून होते. पक्षकारांना वाऱ्यावर सोडून जो ध्यानाला बसेल, त्याच्या ध्यानात तेच पक्षकार येऊन बसतील.

थकवा आहे की ओढ, हे आधी पाहा

स्मशानवैराग्य सर्वांना ठाऊक आहे. बाररूममध्येही त्याचीच एक जात आढळते. भरभक्कम पुरावा असलेला दावा हातचा गेला, भर कोर्टात न्यायाधीशांनी अपमानास्पद शब्द वापरले, किंवा ज्याच्यासाठी रात्री जागवल्या तो पक्षकार फी न देता दुसऱ्या वकिलाकडे गेला, की त्या संध्याकाळी प्रत्येकाला आळंदी-पंढरपूर आठवते. अशा संध्याकाळी काहीही ठरवू नये.

पारख करायला मे महिन्याची सुट्टी उत्तम. एका उन्हाळी सुट्टीत, शक्य तितक्या प्रमाणात, वकिली सोडल्यासारखे जगून पाहावे. सोलापूरचा पारा त्या दिवसांत चाळिशीच्या वरच असतो. तेव्हा पहाटे पाचला उठून तासभर साधना, मग उन्हे तापण्यापूर्वी दोन-अडीच तास लेखन, दुपारी वाचन आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी एक फेरी, असा साधा क्रम ठेवावा. या काळात बाररूममधल्या मित्रांचे फोन घेऊ नयेत, कोणाचा मसुदा ‘फक्त डोळ्यांखालून’ घालू नये आणि निकालपत्रे वाचू नयेत. घरखर्चही वकिली सोडल्यावर जेवढ्या पैशांत भागवावा लागेल, तेवढ्यातच भागवून पाहावा. आठ-दहा दिवसांत झोप भरून निघाली आणि सुट्टी संपल्यावरच्या बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या यादीवर, कोणती प्रकरणे आहेत, याची चुळबूळ सुरू झाली, तर विश्रांतीची गरज होती, निवृत्तीची नव्हे. तिसऱ्या आठवड्यातही पहाटेचे लेखन कंटाळ्याशिवाय होत असेल आणि पान कोरे राहिले त्या दिवशीही माणूस टेबलाशी बसत असेल, तर पुढचे वाचावे.

ज्यांना काम सोडणे म्हणजेच अध्यात्म असे वाटते, त्यांनी आपल्या ग्रामदैवताची कथा आठवावी. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी या गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तलाव खोदवला, लोकांना कामाला लावले आणि कन्नड वचनेही रचली. परंपरा सांगते, की शरणांमधले थोर योगी अल्लमप्रभू येथे आले तेव्हा त्यांनी या तलाव खोदणाऱ्या योग्याची कठोर शब्दांत परीक्षा घेतली आणि पुढे सिद्धराम कर्नाटकातल्या (बसव)कल्याणला जाऊन शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांभोवती जमलेल्या शिवभक्तांच्या, मेळ्यात सामील झाले. त्या मेळ्यात काम टाकून येण्याला मोल नव्हते. श्रमाला ‘कायक’ म्हणून पूजेचेच स्थान होते. बाहेरचे काम आणि आतला शोध यांचे भांडण लावण्याची घाई सोलापूरकराने तरी करू नये.

सगळे एकदम सोडावे लागते का?

लिहायचे असेल तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, परत करावीच लागते, असा समज बाररूममध्ये पुष्कळ आहे. तो बरोबर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी नियम ४७ वकिलाने स्वतः व्यापार करण्यावर बंधन घालतो आणि नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकरीवर. पण नियम ५१ नुसार जाहिरातबंदी आणि पूर्णवेळ नोकरीची बंदी सांभाळून वकील पत्रकारिता, प्रसारण, व्याख्याने आणि अध्यापन करू शकतो, विषय कायद्याचा असो वा नसो. म्हणजे सदर लिहिणे, कथासंग्रह काढणे, कीर्तन-प्रवचन करणे, यांसाठी सनद सोडण्याची गरज नाही. वृत्तपत्रात पूर्णवेळ संपादकाची नोकरी धरायची असेल तर मात्र प्रश्न येतो.

म्हणून पहिले वर्षभर सनद ठेवून नवे वकीलपत्र घेणे बंद करावे, असे मी सुचवीन. हातातली प्रकरणे आपोआप घटत जातात, उत्पन्न एकदम तुटत नाही आणि गावालाही सवय होते. या काळात मोह येतात. सध्याचा मोठा मोह कोल्हापूरचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मुंबईला न जाणारे अनेक जण आता अपिलांसाठी कोल्हापूरला जाऊ लागले आहेत. ‘एवढे एक अपील चालवतो आणि मग थांबतो’ असे म्हणणाऱ्याने आपण थांबणार नाही, हे स्वतःशी कबूल करून टाकावे.

पैशाचे गणित

दीड-दोन वर्षांचा घरखर्च, आरोग्यविम्याचा हप्ता आणि मुलांचे शिक्षणशुल्क एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मराठी पुस्तकांच्या उत्पन्नाबद्दल स्वप्ने बाळगू नयेत. समजा, ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाची ५०० प्रतींची आवृत्ती निघाली आणि १० टक्के मानधन ठरले, तर सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात; अनेक ठिकाणी एवढी तर एका नोटिशीची आणि दोन तारखांची फी असते. हे गणित एकदा घरातल्या माणसांसमोर मोठ्याने करून दाखवावे. पती किंवा पत्नीला अर्धवट सांगून घेतलेला निर्णय पहिल्या दिवाळीतच कडू होतो.

पूरक उत्पन्नासाठी न्यायालयीन कागदपत्रांचे मराठी-इंग्रजी भाषांतर, विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे आणि मध्यस्थीचे काम हे तीन मार्ग वकिलाच्या हाताला सहज येतात. जुनी येणी वसूल होतील तेव्हा त्यांवरही आयकर लागतो, व्यवसाय थांबला म्हणून सुटका नाही. महाराष्ट्र अधिवक्ता कल्याण निधी अधिनियम, १९८१ खालील निधीचे सभासद असाल, तर व्यवसाय थांबवताना काय मिळू शकते, याची चौकशी अर्ज देण्यापूर्वी करावी.

फायली हातावेगळ्या करणे

सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त मन येथे लागते. प्रथम ई-कोर्ट्सच्या ॲपवरून आपल्या नावावरील सर्व प्रकरणे काढून एका वहीत उतरवावीत: सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), न्यायालय, पक्षकाराचा चालू मोबाइल क्रमांक, पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि आपल्याकडे मूळ कागद कोणते आहेत. ॲपवरच्या चालू प्रकरणांत न दिसणारी दोन प्रकारची कामे वेगळी लिहावीत. एक, निकाल लागलेली पण अपिलाची मुदत चालू असलेली प्रकरणे; जिल्हा न्यायालयातील दिवाणी अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील दिवाणी अपिलाला ९० दिवस असतात. दुसरी, नोटीस दिली आहे पण दावा दाखल व्हायचा आहे अशी. वकील बदलताना मुदत बुडते ती याच दोन ठिकाणी.

त्यानंतर यादीचे भाग पाडावेत. अंतिम युक्तिवादापर्यंत आलेले किंवा ज्यात महत्त्वाचा उलटतपास आपणच घेतला आहे, असे प्रकरण शक्य तो स्वतः संपवावे. न्यायालयाने वादाचे मुद्दे काढलेले नाहीत, किंवा नुसत्या निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर रेंगाळले आहे, असे प्रकरण निर्धोकपणे दुसऱ्याकडे देता येते. वाटपाच्या दाव्याची गोष्ट निराळी. प्राथमिक हुकूमनामा झाला तरी अंतिम हुकूमनामा आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) यांत एक पिढी जाते, म्हणून ‘एवढे संपवून जातो’ ही अट वाटपाच्या दाव्याला लावूच नये. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेली प्रकरणे परस्पर कोणाला न देता प्राधिकरणाला लेखी कळवून परत करावीत.

कायदा येथे स्पष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने, लेखी अर्ज देऊनच संपते. नुसते सांगून किंवा तारखेला न जाऊन ते संपत नाही. निकालानंतरही पुनर्विलोकन किंवा कागद परत मागण्याचा अर्ज यांसाठी ते चालू धरले जाते. बार कौन्सिलचा नियम १२ सांगतो, की पुरेसे कारण आणि वाजवी मुदतीची सूचना असल्याखेरीज घेतलेले काम सोडू नये आणि सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली ठरवून दिले आहे. थकलेल्या फीचा आकडा वहीत लिहावा, एकदा मागावा आणि फाईल देऊन टाकावी. कागदावर बोट ठेवून पैसे मागणारा माणूस पुढे अनासक्तीवर काय लिहिणार?

प्रत्यक्ष निरोप कसा द्यावा, ते सांगतो. मोहोळकडचे एक म्हातारे पक्षकार, कापडी पिशवीत सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखते घेऊन ऑफिसच्या बाकावर बसले आहेत. ‘साहेब, तुम्हीच न्हाई म्हणल्यावर आमचं कसं व्हायचं?’ या प्रश्नाला तत्त्वज्ञानाचे उत्तर देऊ नये. त्यांना जवळ बसवून फाईल उघडावी, रोजनाम्यावरून (न्यायालयातील तारीखवार नोंदीवरून) प्रकरण कोठवर आले ते साध्या शब्दांत सांगावे, आणि दोन-तीन वकिलांची नावे पुढे ठेवून निवड त्यांची त्यांना करू द्यावी, कारण पक्षकार ही ज्युनिअरला आंदण द्यायची वस्तू नव्हे. निवड झाली, की त्याच वेळी त्या वकिलांना फोन लावून भेट ठरवून द्यावी. मूळ कागदांची यादी दोन प्रतींत करून एकावर त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा. पुढची तारीख एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हाती द्यावी. मोबाइलमधला संदेश त्यांना सापडत नाही, पिशवीतले कार्ड सापडते. मग नव्या वकिलांच्या वकीलपत्रावर ना-हरकत लिहावी आणि न्यायालयात तशी पुरसीस (लेखी निवेदन) द्यावी.

कारकुनाचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो आधी करावा. वीस वर्षे तारखा सांभाळणाऱ्या माणसाला तीन-चार महिने आधी सांगून दुसऱ्या ऑफिसात बसवून देणे हे आपले कर्तव्य आहे. कायद्याच्या नियतकालिकांचे बांधीव खंड नव्या वकिलाला किंवा महाविद्यालयाला द्यावेत. रद्दीवाला त्यांना वजनाचा भाव देतो, आणि तो ऐकून उगाच खेद होतो.

सनद स्थगित करणे

वर्षभरानंतरही निर्णय तोच असेल, तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला रजिस्टर पोस्टाने व्यवसाय स्वेच्छेने स्थगित करीत असल्याचे कळवावे लागते आणि सोबत मूळ सनद पाठवावी लागते. पाठवण्यापूर्वी सनदेच्या साक्षांकित प्रती काढाव्यात आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. नाव कायमचे काढून टाकण्यापेक्षा स्थगिती बरी, कारण परतीचा रस्ता उघडा राहतो.

स्थगितीनंतर ‘कोर्टात जात नाही, फक्त सल्ला देतो’ ही पळवाट चालत नाही. ए. के. बालाजी प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वकिली व्यवसायात न्यायालयाबाहेरचा सल्ला आणि मसुदेही येतात. त्यामुळे बँकांच्या पॅनेलवर असाल तर राजीनामा द्यावा आणि मिळकतीच्या मालकीच्या शोध अहवालांवर सह्या करणे थांबवावे. दारावरची पाटी उतरवावी, गाडीच्या काचेवरचे चिन्ह खरवडून काढावे आणि लेखाखालच्या नावामागचे ‘ॲड.’ही गाळावे. हे शेवटचे अनेकांना जड जाते.

लेखनाची बैठक

वकिलाला लिहिण्याची सवय असते हे खरे, आणि नेमकी तीच सवय आड येते. दाव्यात आपण लिहितो: ‘सदरहू मिळकत ही उभयतांचे वडिलोपार्जित मालकी व कब्जेवहिवाटीची असून वादीने वेळोवेळी मागणी करूनही प्रतिवादी क्र. १ हे सरस-निरस वाटप करून देणेस टाळाटाळ करीत आहेत.’ हाच प्रसंग कथेत असा येऊ शकेल: ‘भावाने चहा पाजला, शेंगा भाजून दिल्या, निघताना पिशवीत ज्वारीही बांधली, जमिनीचे नाव मात्र काढले नाही.’ पहिल्या वाक्यात काही शाबीत करायचे असल्याने सगळे सांगून टाकावे लागते. दुसऱ्यात वाचकाला स्वतः ओळखायला जागा असते. सरावासाठी आपल्याच जुन्या दाव्या-कैफियतींमधला एक-एक परिच्छेद घेऊन तो असा पुन्हा लिहून पाहावा. तीन-चार महिने हाच गृहपाठ पुरतो. तसेच प्रत्येक लेखात बाजू घेऊन जिंकण्याची खोड असते, तिच्यावर लक्ष ठेवावे.

सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता नोंदी ठेवत गेले, १९९० मध्ये निवृत्त झाल्यावर तो साठा त्यांच्या लेखनाला पुरला आणि २००६ साली याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वकिलानेही वकिलीचा काळ वाया गेला असे न मानता आजपासून नोंदी ठेवाव्यात. कोर्टाच्या आवारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाकावर ऐकू येतात. असा कान दुसरीकडे मिळत नाही.

पण नोंदींना कुंपण आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ खाली काम संपल्यावरही टिकते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आणि बालकांची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. बदनामीचे कलम ३५६ आहेच. नाव बदलले म्हणजे भागले, असे नाही. बार्शी तालुक्यातल्या एका गावात तीन भाऊ आणि एक विहीर एवढे लिहिले, तरी गाव ओळखते. गाव, नाते, पीक, साल आणि निकाल यांपैकी बहुतेक गोष्टी बदलाव्यात किंवा दोन-तीन प्रकरणे एकत्र वितळवावीत. तरीही ओळखू येत असेल, तर ती कथा लिहू नये.

छापण्याची सुरुवात स्थानिक दैनिकांच्या पुरवण्यांपासून करावी. दिवाळी अंकासाठी साहित्य जून-जुलैपर्यंत पोहोचवावे, म्हणजे ते वाचले जाण्याची शक्यता राहते. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून चालू नियतकालिके वाचल्याशिवाय कोठेही काही पाठवू नये. पुस्तकाचा करार करताना भिडेने न वाचता सही करणारे वकील मी पाहिले आहेत, दुसऱ्यांचे करार ते शब्द न् शब्द तपासतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. ‘सर्व हक्क कायमचे’ हा मजकूर खोडावा आणि ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत.

साधना

येथे पहिली अडचण निवडीची येते. सोलापूरच्या माणसाला पंढरपूर सत्तरेक आणि अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर. विजयपूरच्या वाटेवर निंबाळला गुरुदेव रानड्यांचा आश्रम आहे. मंगळवेढ्याला चोखोबा आणि दामाजी आहेत. दर रविवारी वेगळ्या ठिकाणी जाणे हा प्रवास झाला, साधना नव्हे. नामस्मरण, हरिपाठ, ध्यान किंवा विपश्यना, जे घराण्यातून किंवा स्वभावातून जवळचे वाटते ते एकच धरून किमान वर्षभर सोडू नये. विपश्यनेच्या पहिल्या दहा दिवसांच्या शिबिरात जवळजवळ शेवटपर्यंत मौन पाळावे लागते, ही अट बोलण्यावर जगणाऱ्या वकिलाने जरूर अनुभवावी. वारीला जायचे असेल आणि आळंदीपासून चालणे प्रकृतीला झेपणार नसेल, तर पालखी जिल्ह्यात शिरते त्या धर्मपुरीपासून वाखरीपर्यंत चालावे. दिंडीत कोणी आपल्याला ‘वकीलसाहेब’ म्हणत नाही, सगळेच एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. हा बदल अंगी लागायला दोन-तीन दिवस लागतात.

वकिलाचे मन उलटतपास घेते. प्रवचन ऐकताना ते वक्त्याच्या विधानातील विसंगती शोधत बसते. ही तपासणी पूर्ण बंद करावी असे मी म्हणणार नाही, उलट एका ठिकाणी ती जागी ठेवावी: पैसा आणि मिळकत. नव्या वैराग्याच्या भरात एखाद्या संस्थेला बक्षीसपत्र करून देऊ नये. नोंदणीकृत बक्षीसपत्र नंतर मन बदलले म्हणून रद्द होत नाही, हे आपण पक्षकारांना आयुष्यभर सांगत आलो आहोत. पहिली तीन वर्षे स्थावराला हात लावायचा नाही, एवढा नियम घरात सांगून ठेवावा.

लेखन आणि साधना यांची जोडी दिसते तेवढी सरळ नाही. पहाटेच्या बैठकीत थोडे शांत वाटले, की मनातला लेखक लगेच त्यावर वाक्य जुळवू लागतो, आणि मग बैठक लेखाच्या कच्च्या मालासाठी होऊ लागते. त्यावर साधा उपाय असा, की साधनेतल्या अनुभवांवर पहिली दोन वर्षे काहीही छापायचे नाही. दोन्ही कामांत अर्धा तास अंतर ठेवावे, आणि त्या वेळात अंगण झाडावे, पाणी भरावे, भाकरीला हातभार लावावा. लिहायला विषय हवाच असेल, तर कोर्टातली माणसे आहेत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा आहे, चादरीचे बंद पडलेले माग आहेत.

परत फिरावेसे वाटले तर

स्थगितीनंतर सहा-सहा महिन्यांनी घरातल्या माणसांसोबत बसून शिल्लक, लेखनाची पाने आणि प्रकृती, तिन्हींचा हिशेब करावा. ठेव निम्म्यावर आली, तर ती संपेपर्यंत थांबू नये. व्यवसाय पुन्हा सुरू करण्यासाठी राज्य बार कौन्सिलच्या सचिवांकडे अर्ज आणि दरम्यानच्या काळात कोणतीही अपात्रता आली नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. दरम्यान नोकरी किंवा व्यापार केला असेल तर त्याचा तपशील लपवू नये. यासाठी स्थगितीच्या अर्जाची प्रत, पोस्टाची पावती, बार कौन्सिलचे उत्तर आणि सनदेच्या साक्षांकित प्रती एकाच फाईलमध्ये ठेवाव्यात, आणि ती फाईल कोठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावे.